काचेवरची तीट

तोरेना देश हरला त्याला पाच महिने झाले होते आणि आता तो एका टेबलावर मावत होता. केतकी राऊळ रोज सकाळी त्या काचेच्या टेबलावर मऊ फडकं फिरवायची. त्याला भविष्यपट म्हणत. काचेखाली चाळीस लाख ठिपके लुकलुकायचे, ठिपक्यागणिक एक जिवंत माणूस. बोट टेकवलं की त्याचं वय दिसे, नाव नाही. वर सीमेची रेघ ओढली की यंत्र पुढची दहा वर्षं चालवून दाखवी. मग ठिपके सरकत, दाटत, काही विझत.

युद्ध तिघांनी मिळून जिंकलं होतं. आता उत्तरेच्यांना देशाचे दोन तुकडे हवे होते, पूर्वेच्यांना कारखाने उचलून न्यायचे होते, सागरी संघाला बंदर. तिघांना पटेल अशी रेघ शोधून दिली की केतकी सावंतवाडीला आपल्या घरी जायला मोकळी.

रेघ सोमवारीच सापडली होती. तिनं एकटीनंच ती चालवून पाहिली. तिसऱ्या महिन्यापासून ठिपके विझायला लागले. तिघांचं भांडण चालू होतं तोवर लोकांना आपल्याकडे ओढायला तिघंही जहाजं भरभरून दूध, औषधं ओतत होते. करार झाला की जहाजं बंद. विझणाऱ्यांतल्या एका ठिपक्यावर तिनं बोट टेकवलं. आठ महिने. तिच्या लेकीएवढाच, जुईएवढाच जीव.

निघताना सासूबाईंनी दिलेली जुईची काजळाची डबी पर्समध्ये होती. केतकीनं त्या ठिपक्याशेजारी हलकेच तीट लावली. पुसायची राहूनच गेली.

"हे काळं काय?" सकाळी उत्तरेचे सेनापती गरजले.

"आम्हाला काय विचारता? लष्करी तळ तुमचाच असणार," पूर्वेच्या बाई म्हणाल्या. "गुपचूप खुणा करायची खोड तुमची."

"आणि आधी कांगावा करायची तुमची!"

सागरी संघाचे म्हातारे प्रतिनिधी वाकून बघत पुटपुटले, "बंदराला अगदी खेटून. छान!"

केतकीनं पुसायला फडकं उचललं आणि तसंच खिशात घातलं. तसंही यंत्र चालवणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं. बैठक मोडली. चार दिवसांत तिघांची दूध-औषधांची जादा जहाजं धक्क्याला लागली. ठिपका लुकलुकत राहिला.

पाचव्या दिवशी दुपारी सासूबाईंचा फोन आला.

"चेडवाक दात इलो गो! तू कधी येतलंस?"

पडद्यावर जुई होती, हिरडीत इवलासा नवा दात. केतकीनं हाक मारली तशी पोर बिचकली आणि आजीच्या खांद्यात तोंड लपवून रडायला लागली.

फोन ठेवते तोच सागरी संघाचे म्हातारे गृहस्थ आत आले.

"ती खूण पुसा, बाई. भांडून सगळे दमलेत. आता कुठल्याही रेघेवर सह्या करतील. सापडली का एखादी? म्हणजे उद्याच तुम्हाला घरी धाडतो."

केतकीनं तीट पुसली. फडक्यावर काळा डाग उमटला. खाली ठिपका तसाच, इवलासा, जागा.

"अजून नाही," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं पर्समधली डबी पुन्हा बाहेर काढली. आपल्या पोरीला आई अजून किती दिवस परकी राहिली, म्हणजे काचेखालच्या या तान्ह्याला दात येतील?