उरलेला राग

भावाच्या अपघाताचा फोन आला तेव्हा डॉ. सुचेता ढोबळे प्रयोगशाळेत चुंबकीय वेटोळी तपासत होत्या. "कुठलं हॉस्पिटल?" त्यांनी विचारलं, पत्ता दोनदा वदवून घेतला, यंत्र बंद केलं आणि गाडी काढली. आपले हात जराही थरथरत नाहीत, हे वाटेत त्यांच्या लक्षात आलं. त्याचं आश्चर्यही वाटलं नाही.

नंदकुमार त्यांचा धाकटा भाऊ. नाशिकच्या जलतरण तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा आणि सगळीकडे सायकलवरून फिरायचा. त्या पोहोचल्या तेव्हा तो गेलेला होता. त्याची बायको प्रतिभा भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि हंबरडा फोडत होती. त्या लांबलचक व्हरांड्यात आवाज असा तेवढा एकच होता. समोरच्या बाकावरचा इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस सुचेताताईंना पाहून अदबीने उभा राहिला.

"मी किरण सांगळे. गाडी माझी होती."

"उलट्या दिशेने येत होतात?"

"हो. पुलाखालून वळसा घेतला तर फार लांब पडतं. पूर्वी हिंमत व्हायची नाही. लोक शिव्या घालायचे. एकदा एका ट्रकवाल्याने खाली उतरून कॉलर धरली होती. हल्ली कोणी काही बोलत नाही, समोरचे आपले बाजूला होतात. मग रोजचंच झालं." त्याने शर्टाची बाही सारखी केली. "तुमचे भाऊ बाजूला झाले नाहीत. सायकल आडवी लावून हात करत होते. ओरडतही असावेत. काच बंद होती. मला वाटलं, होतील बाजूला."

"असं होय," सुचेताताई म्हणाल्या. "तुम्हाला पाणी हवंय का?"

प्रतिभाचं रडणं मध्येच थांबलं. तिने मान वर करून नणंदेकडे पाहिलं. "ताई, त्याला पाणी विचारताय तुम्ही?"

सुचेताताईंनी त्याला खरोखरच पाणी आणून दिलं.

काही वर्षांपूर्वी शमनक्षेत्राचा शोध लागला, तो याच शहरात. लावला तो सुचेताताईंनी आणि त्यांचे सहकारी डॉ. इर्शाद मुजावर यांनी. तेव्हा रस्त्यावर नुसता आरसा घासला गेला तरी डोकी फुटत होती. मेंदूत खोलवर बदामाएवढं एक केंद्र असतं, माणूस भडकतो तो तिथून. गाडीच्या सीटच्या उशीत आणि मोटारसायकलवाल्याच्या हेल्मेटच्या अस्तरात बसवलेली वेटोळी एक क्षीण, बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करत आणि ते केंद्र निवत असे. पुढे कायदाच झाला. शमनक्षेत्र सुरू असल्याशिवाय गाडी सुरूच होईना. भांडणं थांबली, हॉर्न मुके झाले. दोघांचे सत्कार झाले, शाली मिळाल्या.

नंदकुमारचे दिवस उरकून त्या प्रयोगशाळेत परतल्या, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न इर्शादना विचारला.

"गाडीतून उतरल्यावर परिणाम किती वेळ राहतो?"

"तासाभरात ओसरतो. आपणच मोजलंय, मॅडम."

"आपण मोजलं ते एकदा बसणाऱ्यावर. रोज बसणाऱ्याचं काय?"

इर्शाद विचारात पडले. "केंद्र रोज दाबलं तर मेंदू त्यालाच नेहमीची स्थिती समजणार. मग ते जागं व्हायला कित्येक आठवडे लागतील."

"आणि त्या केंद्रातून फक्त रागच येतो?"

"नाही. भीती येते, धास्ती येते. दुःखाचाही बराचसा भाग येतो." हवामान सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं.

"म्हणजे समोरचा चिडेल ही धास्ती गेली आणि आपलं चिडणंही गेलं. मग उलट्या दिशेने न जायला कारण काय उरलं?"

"नियम."

"नियम मोडलेला पाहून पोलिसाला संताप यायला हवा ना? तोही मोटारसायकलवरूनच येतो."

इर्शादनी मान डोलावली. "बरोबर आहे. हे वाहतूक मंडळाला कळवायला हवं." आणि ते पुन्हा मोजणीला लागले. भयंकर असं दोघांनाही काही वाटलं नाही. सुचेताताईंना तेवढंच खटकलं, तेही दुसऱ्याच्या दाताचं दुखणं ऐकावं तसं.

त्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात लावला नाही. घरापासून प्रयोगशाळेपर्यंत पायी जायला लागल्या. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. गाड्या फुटपाथवरून जात, लाल दिवा असताना निवांत पुढे सरकत, आणि सुचेताताई त्यांना वाट देत. मग एका सकाळी चौकातल्या सिग्नलवर हिरवा माणूस दिसल्यावर त्यांनी पाऊल टाकलं आणि एक पांढरी गाडी बेताने त्यांच्या पायांना येऊन टेकली. चालवणारी बाई हसरी होती. तिने 'सरका की' अशी हाताने खूण केली.

सुचेताताईंनी बॉनेटवर मूठ आपटली. "डोळे फुटले का तुझे? माणूस दिसत नाही?" आपलाच आवाज त्यांना ओळखू येईना. दुसरी मूठ आपटताना त्यांना आठवलं की नंदू मेला आहे. लहानपणी त्यांच्याच पाठीवर बसून फिरलेला नंदू, सायकल आडवी लावून एकटा ओरडत असलेला. त्या दुभाजकावर बसल्या आणि त्यांना श्वास घेता येईना. गाड्या दोन्ही बाजूंनी दोन्ही दिशांना हळुवार जात राहिल्या.

वाहतूक मंडळाच्या बैठकीला त्या पायीच गेल्या. अध्यक्ष होते श्री. वामनराव पोतनीस, मृदू बोलणारे. सुचेताताईंनी सगळं मांडलं. भांडणं संपली, पण पायी आणि सायकलवर मरणारे दरवर्षी वाढत आहेत. एकमेकांच्या रागाच्या धाकानेच रस्ता चालत होता आणि तो धाक आपण काढून घेतला. शमनक्षेत्र बंद करा.

सगळ्यांनी मन लावून ऐकलं. कोणी विरोध केला नाही.

"माझा भाऊ मेलाय!" त्या ओरडल्या. टेबलावरचा पेला खाली पडून फुटला. "तुमच्यापैकी एकाला तरी काही वाटतंय का?"

"बसा, बाई," पोतनीस म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी आस्था होती. "तुमचं निदान आम्हाला मान्य आहे. वाहनचालकात राग नाही, पादचाऱ्यात आहे. एकाच रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं. तुमचे भाऊ शांत असते तर बाजूला झाले असते. आमच्याकडे येणारी प्रत्येक तक्रार पायी चालणाऱ्याची असते, आणि आज तर तुम्ही स्वतःच समोर आहात." त्यांनी इर्शादकडे पाहिलं. "दिव्याच्या खांबांवर वेटोळी बसवली, तर फुटपाथही क्षेत्रात येतील का?"

इर्शाद गाडीने आले होते. "येतील," ते म्हणाले. "अवघड नाही."

हात वर झाले. एकाच्याही चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता.

सुचेताताई तिथून तडक प्रतिभाकडे गेल्या. ती स्वयंपाकघरात बसली होती. चूल थंड होती. या दिवसांत ती अर्धी झाली होती, डोळ्यांखाली काळं धरलं होतं. सुचेताताई तिच्याजवळ बसल्या आणि मंडळात काय ठरलं ते त्यांनी सांगितलं. दिवाळीपर्यंत सगळ्या रस्त्यांवर खांब बसतील. या गल्लीतही. खिडकीतून घरात येईल एवढी त्याची पोच असेल.

"मग काय होईल?" प्रतिभाने विचारलं.

"नंदू आठवेल तुला. सगळं आठवेल. फक्त काही वाटणार नाही." त्यांनी प्रतिभाचा हात धरला. "मी कोर्टात जाणार आहे, प्रतिभा. तू माझ्याबरोबर उभी राहा. तुझ्यासारखी, गाडीत न बसणारी, ज्यांना अजून वाटतंय अशी फार थोडी माणसं उरली आहेत."

बाहेर एक गाडी गल्लीत उलट्या दिशेने शिरली आणि आवाज न करता निघून गेली.

"ताई," ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबायचं? खांब त्याच्या आधी नाही का बसणार?"