एकच तिकीट

"बू सुमी, हिला जरा चढाच भाव सांगा. जपानला चाललीय ही."

बेरिंगहार्जो बाजाराच्या चिंचोळ्या बोळात, बाटिकच्या थप्प्यांपुढे वेनिंगची घासाघीस अगदी रंगात आली होती. या एका वाक्यानं दुकानदारीण सुमीबाई पुन्हा ताठ झाल्या. वेनिंग रागानं वळली. समोर सेनो उभा होता, तिच्या थोरल्या भावाचा मित्र, म्हणून ती त्याला मानानं 'मास' म्हणायची. नोकरीसाठी सेमारांगला गेल्यापासून दोन वर्षांत तो दिसला नव्हता, आणि दोन वर्षांत ती त्याला एक दिवसही विसरली नव्हती.

"तू इथं काय करतोयस, मास सेनो?"

"आईनं चिंच आणायला पाठवलंय."

"चिंच मागच्या बाजूला मिळते."

"हो का? मग चुकलो वाटतं रस्ता," तो म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी त्यानं सहज काढून घेतली.

उद्या सकाळी तिचं विमान होतं. जपानमधल्या इस्पितळात तीन वर्षं परिचारिकेची नोकरी. आजचा दिवस खरेदीचा आणि आपलं योग्या शहर डोळे भरून पाहून घ्यायचा. सेनो चिंच विसरून तिच्या मागं मागं फिरला. फणसाच्या गोडसर भाजीच्या, गुदेगच्या, गाडीवर त्यानं आपल्या पानातलं अंडं गुपचूप तिच्या पानात सरकवलं. तामान सारी या जुन्या राजबागेच्या निसरड्या पायऱ्यांवर हात पुढे केला... आणि तिनं धरायच्या आत खिशात घातला.

वेनिंगला त्याच्याकडून एकच गोष्ट ऐकायची होती. ती ऐकली असती तर तीन वर्षं कशीही निघाली असती. नाही ऐकली, तर परक्या गावात रोज रात्री ती तोच तो प्रश्न उगाळत बसणार होती. आणि हा पठ्ठ्या चपलांच्या भावाबद्दल बोलत होता.

"आता प्रांबानानचं देऊळ," ती म्हणाली. "शाळेच्या सहलीत पाहिलं, तेवढंच."

सेनोचा चेहरा पडला. "एवढ्या लांब? ऊन बघ केवढं आहे."

"नेणार नसशील तर बसनं जाते."

त्यानं स्कूटरवरून नेलं. देवळाच्या दाराशी रांगेत उभा राहिला आणि एकच तिकीट घेऊन आला.

"आणि तुझं?"

"तू जाऊन ये. मी थांबतो इथं."

"का?"

"गुडघा दुखतोय."

"सकाळपासून एवढे जिने चढलास, तेव्हा नाही दुखला तो?"

सेनोनं तिकीट पुढे केलं. वेनिंगचे डोळे भरून आले. म्हणजे कंटाळला हा. आपणच वेड्यासारखं दिवसभर काहीबाही मनाशी धरून बसलो होतो. तिकीट हिसकावून ती दाराकडे निघाली.

तिच्या पुढे एक तरुण जोडी होती. तिकीट तपासणारी बाई त्यांना हसत विचारत होती, "लग्न झालंय ना रे बाळांनो? नसेल तर बाहेरूनच हात जोडा आणि घरी जा."

रांग हसली. वेनिंगचे पाय मात्र जागीच थबकले. लग्नाआधी जोडीनं प्रांबानानला पाऊल ठेवलं की जोडी फुटते, शिळा झालेल्या राजकन्येचा शाप आहे तो. योग्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तिला कसं सुचलं नाही?

ती तशीच मागं फिरली.

"मास सेनो, ते जोडप्यांसाठी असतं."

"माहितेय."

"मग? आपण कुठं जोडपं आहोत?"

त्याचे कान लालबुंद झाले. "नाही आहोत. पण तू परत आलीस की... विचारणार होतो मी. तोवर उगाच कशाला विषाची परीक्षा?"

वेनिंगला हसू आलं आणि रडूही. ती आत गेली नाही. कुंपणाबाहेर, झाडाखाली, दोघं शेजारी शेजारी बसली आणि दुरूनच कळस पाहत राहिली. या वेळी पुढे केलेला हात त्यानं मागं घेतला नाही.

"तुझं देऊळ राहिलं की," तो म्हणाला.

"आल्यावर बघू. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी."

"तीन वर्षं, वेनिंग."

"हो ना."

ऊन उतरलं, तिकीटघर बंद झालं, तरी दोघांपैकी कुणीच उठलं नाही. त्यानं एकदा बोलून टाकलं की सुखानं जाता येईल, असं तिला सकाळपासून वाटत होतं. आता तो बोलला होता, आणि जायच्या नुसत्या विचारानं तिचा जीव तुटत होता.