सात आठवड्यांपूर्वीचं टेंगूळ

कासारवाडीच्या गिरणीतून सयाजी पिठाचा डबा घेऊन निघाला, तोच मागून शकूनं हाक मारली, "अहो, झाकण राहिलं की!" तो वळला आणि ठेंगण्या चौकटीवर त्याचं कपाळ असं आदळलं, की इंजिनाच्या धडधडीतही आवाज आला. शकूला हसू आवरेना.

"हसा, हसा," कपाळ चोळत तो म्हणाला. "टेंगूळ माझं हाय."

पिंपरीच्या नव्या कारखान्यात तो फिटर होता. गाव चाकणकडं, खोलीवर एकटाच राहायचा. एकट्याला पीठ लागून लागून किती लागणार? तरी दर चार दिवसांनी तो डबा घेऊन हजर. शकूचे वडील आबाजी मागं इंजिनाला तेल घालायला गेले, की बोलणं रंगे.

"एवढ्या भाकरी खातं कोण?"

"मोडतातच जास्त... शिकवणारं कुणी भेटत न्हाई."

शकू पाठ फिरवी — हसू दिसू नये म्हणून.

दिवाळी झाली आणि त्याचं काहीतरी बिनसलं. डोकं धरून बसे. बोलता बोलता शब्द अडे. एकदा उजव्या पायातली चप्पल गिरणीतच राहिली, त्याला पत्ताही नाही. लोक म्हणाले, प्यायला लागला. मग तो यायचाच थांबला. त्याची आई अंबूबाई गावाहून आलीय, देवऋष्याकडं नेणार आहे, असं कानावर आलं, तशी शकू होती तशी, पिठानं माखलेली, त्याच्या खोलीवर गेली.

"मावशी, आधी दवाखान्यात. पाया पडते तुमच्या."

मागोमाग आबाजीही दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी सयाजीला दोन्ही हातांनी बोटं दाबायला लावली. उजवी मूठ ढिली. दिव्यानं डोळे तपासून त्यांनी विचारलं, "डोक्याला मार लागला होता?"

"न्हाई वो," अंबूबाई म्हणाली.

"लागला होता," शकू दारातून बोलली. "आमच्या गिरणीत. आज सात आठवडे अन् दोन दिवस झाले."

आबाजींनी मान वळवली. "दिवस मोजत होतीस व्हय गं?"

शकूचे कान तापले, पण तिनं नजर खाली घातली नाही. "व्हय, आबा."

"बरं झालं मोजलेस," डॉक्टर म्हणाले. "कवटीच्या आत बारीक शीर फुटली असणार. तेव्हापासून थोडं थोडं रक्त साचतंय आणि मेंदू दाबला जातोय. आजच पुण्याला न्या."

पुण्याच्या इस्पितळात त्याचं डोकं भादरलं, त्याला आत नेलं. बाहेर बाकावर अंबूबाईनं शकूचा हात घट्ट धरला, सोडलाच नाही. अखेर सर्जन बाहेर आले. कवटीला दोन भोकं पाडली होती. आतून काकवीसारखं काळं, जुनं रक्त निघालं होतं. "वेळेवर आणलंत," एवढंच ते म्हणाले. अंबूबाई तिथंच रडायला लागली.

चौथ्या दिवशी सयाजी उशीला टेकून बसला होता. उजव्या हातानं त्यानं पेला उचलला — पाणी सांडलं नाही.

"शकू," तो म्हणाला. शब्द अडला नाही. "दोन महिने आराम सांगितलाय. मग लग्न करावं म्हणतो."

"करा की. पोरीला विचारलंत?"

"विचारतोय... आत्ताच."

शकूनं त्याच्या पट्टी बांधलेल्या, तुळतुळीत डोक्याकडं पाहिलं. डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. "ह्या डोक्याला मुंडावळ्या कशा बांधायच्या? केस येऊ द्या आधी."

"म्हंजे हो?"

खाटेपलीकडं डोळे मिटून पडलेली अंबूबाई कुशीवर वळली. "पौषात न्हाई जमायचं. माघात धरू," ती म्हणाली. "आबाजींशी बोलणं झालंय माझं."