फलाट मोकळा

दुपारचे सव्वादोन वाजले होते. कुरेमाची नावाच्या भुयारी स्टेशनच्या फलाटावर इसोगाई नेहमीच्या जागी उभा होता. जमिनीखाली दुपार काय नि पहाट काय, सगळं सारखंच. ट्यूबलाइटचा तोच पांढरा उजेड, बोगद्यातून येणारा कोमट वारा आणि ब्रेकच्या भुकटीचा वास. वीस वर्षांत हा वास त्याच्या जेवणातही उतरला होता.

काम सोपं. दारं मिटली की फलाटाच्या कडेवरून बोट फिरवायचं, बोटामागून नजर न्यायची आणि खणखणीत म्हणायचं, "फलाट मोकळा!" ते ऐकून गार्ड गाडी सोडतो. मार्चमधल्या एका दुपारी इसोगाईचं बोट फिरलं, तोंडानं शब्दही म्हटले, नजर मात्र फिरली नाही. शेवटच्या दारात एका म्हाताऱ्या बाईच्या पिशवीचा पट्टा अडकला होता. गाडी तिला बोगद्यापर्यंत फरफटत घेऊन गेली. ती वाचली नाही.

चौकशीत कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. त्यात बोट दिसलं. नजर कुठून दिसणार? इसोगाई निर्दोष ठरला. घरी जाऊन त्यानं नूडल्स खाल्ल्या आणि झोपला. रडू आलं नाही, झोपही उडाली नाही. आपल्याला काहीच कसं होत नाही, एवढंच कधीमधी वाटायचं.

एप्रिलपासून एक नवीनच सुरू झालं. त्यानं "फलाट मोकळा" म्हटलं की डाव्या खांद्याशी कुणीतरी तेच परत म्हणायचं. हलका, म्हातारा, बाईचा आवाज. जोडीदारानं शब्द परत म्हणायचे ही रेल्वेची रीतच आहे. पण इसोगाई तर फलाटावर एकटा असे. पहिल्यांदा तो दचकला. महिनाभरात तेही अंगवळणी पडलं. तीच असणार, दुसरं कोण!

"इसोगाई-सान, तुमचा चेहरा अगदी तिकिटाच्या मशीनसारखा झालाय," उपस्टेशनमास्तर हिराबायाशीबाई एकदा म्हणाल्या. "मशीन निदान 'धन्यवाद' तरी म्हणतं हो!"

तो हसला, म्हणजे ओठ हलवले.

दर गुरुवारी त्या म्हाताऱ्या बाईचा नवरा यायचा. ओबाता आजोबा. हातात तांदळाच्या बिस्किटांचा डबा, आणि कमरेत वाकून एकच वाक्य, "माझ्या बायकोमुळे तुम्हाला फार त्रास झाला. गाड्या खोळंबल्या. माफ करा." इसोगाई डबा घ्यायचा आणि त्याहून खाली वाकायचा. आज सांगूनच टाकू, असं दर गुरुवारी ठरवायचा आणि ओठांवर आलेलं गिळायचा.

आज आजोबा म्हणाले, "हा शेवटचा डबा. क्योटोला लेकीकडे निघालोय... कायमचा."

गाडीला चार मिनिटं होती. फलाटावर तिसरं कुणी नव्हतं.

"आजोबा... त्या दिवशी मी बघितलंच नाही. नुसतं बोट फिरवलं. चूक माझी आहे."

आजोबा हळूच बाकावर टेकले. हातातली पिशवी त्यांनी शेजारी ठेवली. इसोगाई पुढे बोलत गेला.

"आजी येतात इथं. रोज. माझ्यामागून बोलतात... आवाजात राग नसतो. वाटलं, तुम्हाला ऐकून बरं वाटेल."

"कोण बोलतं?"

"आजी... तुमच्या पत्नी."

आजोबा आपल्या बुटांकडे पाहत म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिला आवाजच नव्हता हो. मला बोलवायचं तर चमचा वाजवायची." मग अगदी हळू म्हणाले, "त्या दिवशी ती ओरडूच शकली नसणार. कुणी बघितलं असतं, तरच..."

इसोगाईच्या काळजात चर्र झालं. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी झालं, आणि ते इतकं दुखलं की त्याला खांब धरावा लागला.

गाडी आली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. आजोबाही बसूनच राहिले. दारं मिटली. इसोगाईनं बोट उचललं आणि त्यामागून नजर नेली. एकेक दार, एकेक फरशी, थेट टोकापर्यंत. कडेला कुणी नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

"फलाट मोकळा..." डाव्या खांद्याशी कुणीतरी म्हणालं.

गार्डानं मान हलवली. गाडी सुटली.

वारा ओसरल्यावर इसोगाईनं मागे पाहिलं. ओबाता आजोबा बाकाच्या कडेला सरकले होते. शेजारची पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली होती, आणि रिकाम्या जागेकडे पाहत, परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं ते म्हणत होते,

"बसा ना... तुम्ही बसा."