पूर्वेच्या उतारावरचा कळप

आमच्या हातात संध्याकाळी पाचपर्यंतचाच वेळ होता. तेवढ्यात पूर्वेच्या उतारावरची कोरीव भिंत शोधायची, तिचा फोटो घ्यायचा आणि जागेचे नेमके आकडे बिनतारीवरून छावणीत कळवायचे. नाहीतर उद्या सकाळी सहाला त्याच उतारावर तोफा धडाडणार होत्या! लष्कराच्या त्या सरावभूमीवर जुन्या वस्तू जपण्यासाठी एक कक्ष होता आणि मी त्या कक्षाचा पुरातत्त्ववाला. छावणीतल्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. पुरावा आणा, निशाणा हलवतो. दोन महिने उन्हातान्हात भटकून मी हात हलवत परत आलो होतो.

शेवटी मावशीला सोबत घेतलं. लष्करानं जमीन घेण्याआधी तिचं गाव याच खोऱ्यात होतं. नऊ वर्षांची असताना शेळ्या चारताना तिनं ती भिंत पाहिली होती. दगडात कोरलेला जनावरांचा अख्खा कळप! साठ वर्षं ती हेच सांगत आली आणि घरात सगळे, अगदी माझी आईही, हसत आले. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू?

सगळ्यांत पुढे सुरुंग पथकातले हवालदार. न फुटलेले गोळे तिथं मातीत दबा धरून बसलेले. हवालदार यंत्रानं जमीन तपासत, पांढरी फीत अंथरत आणि मग आम्ही त्या फितीवरून एकामागोमाग एक चालत असू.

"फितीबाहेर पाय टाकलात तर मी ओळख दाखवणार नाही," ते म्हणाले.

"ओळख दाखवायला हा उरायला तर हवा," मावशी म्हणाली.

चार तास गेले. कड्याखाली झुडपं इतकी माजली होती की मावशीच्या ओळखीची एकही खूण उरली नव्हती. ती थांबली, कमरेवर हात ठेवले आणि शेळ्यांना घालायची हाक घातली. "हुर्रर्र... ये ये ये!" कड्यानं हाक परत केली. पन्नास पावलांवर पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. हवालदार माझ्याकडे बघून भुवया उडवू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सातव्या हाकेला कडा गप्प!

"इथंच," मावशी म्हणाली. "इथं आत पोकळ आहे. हाक आत जाते ती बाहेर येत नाही."

हवालदारांनी कोयत्यानं झुडपं तोडली. आत खोल कपार होती आणि तिच्या भिंतीवर, काय सांगू, शिंगंच शिंगं! एकेचाळीस जनावरं, शेवटच्या गाईला लुचणारं वासरू. मावशी पदरानं डोळे पुसत राहिली. तिला हसल्याची मला इतकी लाज वाटली की मी घाईघाईनं कॅमेरा काढला.

आणि तिथंच माझ्या धंद्यानं घात केला. आम्हा पुरातत्त्ववाल्यांना एक खोड असते. भिंत दिसली की ती पुरी चौकटीत यावी म्हणून मागे सरकायचं. एक पाऊल, दोन पावलं, तिसरं...

टाचेखाली लोखंड वाजलं.

"हलू नका!" हवालदार ओरडले.

मी खांबासारखा उभा! पायाखाली फीत नव्हती. हवालदार पोटावर सरपटत आले. "तुमचा ब्रश द्या," म्हणाले. माझ्याच खिशातल्या ब्रशनं ते माती झटकू लागले. चिमूटभर माती, मग फुंकर, मग पुन्हा चिमूटभर. घाम नाकावरून टपकत होता, पण पुसायची हिंमत कोणाला? त्यांच्या पाठीमागून मावशी सारखी म्हणत होती, "माझ्याकडे बघ. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ."

चाळीस मिनिटांनी हवालदारांनी एवढा मोठा श्वास सोडला!

"धुराचा गोळा आहे. फुटून रिकामा झालेला. काढा पाय."

मी मटकन फितीवर बसलो आणि वेड्यासारखा हसत सुटलो. हवालदारांनी मला ज्या शिव्या घातल्या त्या मला त्या क्षणी आशीर्वादासारख्या गोड लागल्या.

मग फितीवरूनच भिंतीचा फोटो घेतला. पण चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि कड्याखाली बिनतारी मुकी! माथ्यावर जायलाच हवं. पळायची सोय नाही, फितीवरून चालायचं. शेवटच्या चढावर दगड सुटले. मावशी घसरली! मी तिचं मनगट धरलं, हवालदारांनी माझा पट्टा धरला आणि तिघंही तसेच ओढत वर पोचलो. पाचला सहा मिनिटं कमी. हवालदारांनी आकडे वाचले, दोनदा वाचले. मग नुसती खरखर.

"मिळाले," साहेबांचा आवाज आला. "फोटो रात्री बघतो. पूर्वेचा उतार निशाण्यातून वगळला. कायमचा. तिथं तोफा नाहीत आणि माणसांनाही प्रवेश नाही."

 वाचली! साठ वर्षांनी मावशी खरी ठरली आणि भिंत वाचली! पण साहेबांचं शेवटचं वाक्य ऐकून मी मावशीकडे वळलो.

"मावशी, आता आपल्यालाही परत येता येणार नाही गं."

ती धापा टाकत दगडावर बसली होती. गुडघा खरचटला होता, चेहरा मात्र किती हलका!

"नाही येता आलं तर नाही," ती म्हणाली. "तू बघितलंस ना? बस. आता घरी चल आणि तुझ्या आईला सांग."