चारशे तेरावं कार्ड

शेवटचा साधा दिवस रविवार होता.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या त्या घरात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जेवणं आटोपली की टेबल पुसलं जाई आणि गुरुदत्त बेसमेंटमधून कॅसेटची जुनी काळी बॅग वर आणत. साठ कॅसेटच्या त्या साठ खणांत आता कार्डं होती. एकूण चारशे बारा. प्रत्येकावर रॉक संगीतावरचा एक प्रश्न, मागे उत्तर, सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात.

गुरुदत्तनी पस्तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले होते. इंजिनिअरिंग ड्रॉइंगवर असतात तशा दोन चौकटी त्यांनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात आखल्या होत्या. एकीत काढणाऱ्याची सही, दुसरीत तपासणाऱ्याची. दुसऱ्या कुणी तपासून सही केल्याशिवाय कार्ड खेळात येत नसे.

"आपली चूक आपल्याला दिसत नाही," ते म्हणत.

पहिल्या साडेतीनशे कार्डांवर तपासणाऱ्याची सही 'ज' होती. ज म्हणजे जगन्नाथ, त्यांचा कंपनीतला जुना मित्र. नंतरच्या सगळ्या कार्डांवर 'चा'.

चा म्हणजे चारुता. एकतीस वर्षांची, नागपूरची, दोन वर्षांपूर्वी गाड्यांच्या बॅटरीच्या कंपनीत नोकरीसाठी इथे आलेली.

स्वानंदी, गुरुदत्तची एकुलती एक मुलगी, स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. वीकेंडला न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरहून आली होती. संध्याकाळचं फ्लाइट होतं.

"रेकॉर्डच्या शेवटी खाच बंद वर्तुळात फिरवतात," बाबा वाचत होते. "सुई उचलेपर्यंत तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजत राहतो. त्या खाचेला काय म्हणतात?"

टेबलावर चारुताची थाप पडली. "लॉक्ड ग्रूव्ह! काका, यार, सोपं विचारता!"

बाबा हसले. मान मागे टाकून, मोकळं. हे हसू स्वानंदीने घरात कधी ऐकलं नव्हतं. तिने तोच ग्लास दुसऱ्यांदा पुसला.

"झाकणाच्या कप्प्यातलं पाकीट कसलं रे?" जगन्नाथकाकांनी विचारलं. "चारशे तेरा?"

"ते राहू दे. अजून तपासायचंय."

जगन्नाथकाकांनी चारुताकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून स्वानंदीनेही तिच्याकडेच पाहिलं.

"तपासाच बाई नीट," त्यांच्या पत्नी सुमित्राकाकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी पंप तपासला नाही, आणि गुरुदत्तभावजींचा आयुष्यातला एक शो बुडाला."

सगळे हसले. हा विनोद तीस वर्षांचा होता. ज्या बँडसाठी गुरुदत्तनी पुण्याच्या हॉस्टेलात उपास काढून कॅसेटी घेतल्या, तो बँड एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या जुलैत डेट्रॉइटला आला. गुरुदत्त नऊ वर्षांच्या स्वानंदीला घेऊन निघाले, पण पोहोचलेच नाहीत. हायवेवर फ्युएल पंप गेला, असं त्यांनी सोमवारी ऑफिसात सांगितलं. आणि पंप होता जगन्नाथच्या डिपार्टमेंटचा.

"सोमवारचा माल होता रे, सुट्टीच्या झोपेत बनवलेला," जगन्नाथकाका नेहमीसारखे हात जोडून म्हणाले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी कार्डं पिसली.

खरी गोष्ट घरातल्या तिघांनाच माहीत होती. पंप ठणठणीत होता. गाडीत स्वानंदी कान दुखतोय म्हणून रडू लागली होती. बाबांनी पुढच्या एक्झिटला गाडी वळवली होती आणि संध्याकाळभर ओव्याच्या पुरचुंडीने तिचा कान शेकला होता.

साडेचारला खेळ अर्धा टाकून बाबा तिला एअरपोर्टला सोडायला निघाले.

"पुढच्या वेळी जरा सवडीने ये," टर्मिनलसमोर ते म्हणाले. "एक काम आहे तुझ्याकडे."

"चारुता आहे ना," स्वानंदी म्हणाली आणि बॅग घेऊन उतरली.

मंगळवारी सकाळी बाबांनी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला, आत येऊन बूट काढायला बाकावर बसले, आणि उठले नाहीत.

*

तेरावा होऊन दोन दिवस झाल्यावर स्वानंदी बेसमेंटमध्ये गेली. बॅग फडताळावर होती. झाकणाचा कप्पा रिकामा होता.

तिने सगळे खण उपसले. चारशे बारा कार्डं. पाकीट नाही. झाकणाला आतून चिकटवलेल्या यादीत मात्र शेवटची ओळ होती: ४१३, तारीख, काढणारा 'गु'. तपासणाऱ्याची जागा कोरी.

म्हणजे ते कार्ड लिहून झालं होतं. बाबांनी कागदावर लिहिलेली ती शेवटची गोष्ट होती. आणि ती कुणीतरी नेली होती.

कुणी, हे तिने जिना चढता चढताच ठरवून टाकलं होतं. पण एका मेडिकल जर्नलसाठी दुसऱ्यांच्या लेखातल्या चुका शोधणं हे तिचं काम होतं. आधी निष्कर्ष आणि मग पुरावा असा लेख आला तर ती तो परत पाठवत असे.

"आई, रविवारनंतर खाली कोण गेलं होतं?"

वसुधा डाळ निवडत होती. "मी नाही गेले. जाववलंच नाही. तेराव्याला चारुता गेली होती, फोल्डिंगच्या खुर्च्या आणायला."

"एकटीच?"

"एकटीच. दोन फेऱ्या केल्या पोरीने. जगन्नाथभावजी म्हणत होते मी येतो, पण त्यांचा गुडघा जिना उतरू देत नाही."

"आणि त्या रविवारी बॅग कुणी भरली?"

"यांनी परत आल्यावर खाली नेऊन ठेवली. भरली कुणी, बघितलं नाही. मी भांडी लावत होते. तू पुसलेली."

*

चारुताच्या अपार्टमेंटमध्ये सोफ्यापेक्षा मोठा ॲम्प्लिफायर होता. तिचे डोळे सुजलेले होते. तिने इतकं रडावं, याचाही स्वानंदीला राग आला.

"तेराव्याला तू बेसमेंटमध्ये गेलीस. बॅग उघडलीस?"

"नाही, ताई. हात लावला फक्त." चारुताने नाक पुसलं. "उघडली असती तर तिथेच बसून राहिले असते मी."

"रविवारी बॅग तू आवरलीस?"

"नाही ना. माझा पाच वाजता कॉल होता. तुमच्या मागोमाग निघाले. कार्डं टेबलावरच होती."

"चारशे तेरात काय होतं?"

"मला काय माहीत? मी मागितलं होतं, तर काका म्हणाले, ह्याचा चेकर वेगळा आहे." ती ओशाळं हसली. "खोटं कशाला बोलू, जरा लागलंच मला. म्हटलं, जगन्नाथकाकांना परत घेतलं वाटतं."

स्वानंदी उठली. दारापाशी थांबून तिने विचारलं, "तुम्ही कार्डं कशी लावायचात?"

"दशकांप्रमाणे. साठचं, सत्तरचं, ऐंशीचं. मीच लावून दिली होती मागच्या वर्षी. रंगीत डिव्हायडर टाकून. का?"

"सहज."

सगळे खण तिने स्वतः उपसले होते. कार्डं एक ते चारशे बारा, ओळीने लागली होती. रंगीत डिव्हायडर तळाला एका गठ्ठ्यात होते.

*

"पाकीट?" सुमित्राकाकूंनी विचारलं. "तुमच्या घरातच असेल गं. दुःखात वस्तू इकडची तिकडे होते."

"मी घर पाहिलं, काकू. काका, रविवारी बॅग तुम्ही भरली?"

"मीच असेन." जगन्नाथकाका खिडकीबाहेर बघत होते. "आठवत नाही नीट."

"पाकीट तेव्हा होतं?"

"असेल. लक्ष नाही दिलं."

"एका कार्डासाठी इतकी धडपड करतेस," सुमित्राकाकू हळहळल्या. "खरंच, छंद एवढा, आणि ज्यासाठी जीव टाकला तो शो नाहीच बघितला बिचाऱ्यांनी. ह्यांच्या पंपापायी."

"पंप चांगला होता," जगन्नाथकाका म्हणाले.

"आता चांगला झाला? तीस वर्षं सोमवारचा माल होता!"

"चांगला होता म्हटलं ना." ते उठले. "चहा टाकतो."

सुमित्राकाकू बघतच राहिल्या. "हे आणि चहा?"

चहा पिऊन झाल्यावर स्वानंदीने रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं.

*

रविवारी मसालेभात कुणालाच फारसा गेला नाही. टेबल पुसल्यावर स्वानंदीने बॅग आणून मधे ठेवली. आज पहिल्यांदा ती त्या टेबलाशी बसत होती. बाबांची खुर्ची रिकामी ठेवून शेजारच्या खुर्चीत बसली.

"चारुता, आधी तुझी माफी," ती म्हणाली. "माझा संशय तुझ्यावर होता. तू खाली एकटी गेलीस म्हणून नव्हे. संशय आधी आला, कारण मी नंतर शोधलं."

चारुताने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"पाकीट तेराव्याला गेलंच नाही. कार्डं जुन्या पद्धतीने, नंबराने लागलेली आहेत. चारुताने दशकांप्रमाणे लावली असती. बाबांनीही. नवी पद्धत ज्याला मान्य नव्हती, त्याने त्या रविवारी शांतपणे बसून चारशे बारा कार्डं परत नंबराने लावली. पाकीट तेव्हाच त्याच्या हाताशी होतं."

"अगं, पण ह्यांनी भरली म्हणून काय..." सुमित्राकाकू म्हणाल्या.

"काकू, तीस वर्षं काका पंपाचा दोष डोक्यावर घेत आले. कधी भांडले नाहीत, कारण त्यांनाही ते खरं वाटत होतं. परवा मात्र ते म्हणाले, पंप चांगला होता. हे तिघांनाच माहीत होतं. मला, आईला आणि बाबांना. आई, तू कुणाला सांगितलंस?"

वसुधाने मान हलवली. "यांनी शपथ घातली होती."

"मीही सांगितलं नाही. राहिले बाबा. त्यांनी तोंडी सांगितलं असतं, तर त्या रविवारी काका हात जोडून सोमवारचा माल म्हणाले नसते. म्हणजे ते त्या दुपारनंतर कळलं. काका, तुम्ही ते वाचलंत. पाकिटात दुसरं काही असूच शकत नव्हतं."

मग जगन्नाथकाकांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. कडा मऊ पडल्या होत्या. तीन आठवडे ते तिथेच असावं.

"अहो!" सुमित्राकाकू पुटपुटल्या.

"साडेतीनशे कार्डांवर माझी सही आहे," ते म्हणाले. "पोरगी हुशार आहे, माझ्याहून जास्त कळतं तिला, मान्य. पण त्याने मला एकदा विचारलंसुद्धा नाही. वाटलं, हेही तिच्याकडेच जाणार. म्हटलं आज मी आधी बघतो. चूक काढतो. घरी नेलं, उघडलं, आणि... माफी मागितलीय त्याने. पंपाची. सोमवारी फोन करायला धजलो नाही. चोरून वाचलं हे कसं सांगू? मंगळवारी तो गेला. आता ठीक आहे रे, असं कुणाला म्हणू?"

"आणि मला वाटत होतं, तुमच्याकडे जाणार," चारुता हलकेच म्हणाली.

"तुला नाही, मला नाही," जगन्नाथकाका म्हणाले. पाकीट त्यांनी टेबलावरून स्वानंदीकडे सरकवलं. "तुला तेराव्यालाच द्यायला हवं होतं. हिंमत झाली नाही."

स्वानंदीने कार्ड काढलं आणि वाचलं.

"जुलै १९९४. तिकीट खिशात असून गुरुदत्त शोला का पोहोचला नाही?"

तिने ते उलटलं.

"पंप चांगला होता. जगन्नाथ, माफ कर. लेकीचा कान दुखत होता. तिने मनाला लावून घेऊ नये म्हणून पंपावर ढकललं. आता ती मोठी झाली, आता चालेल."

कोपऱ्यात दोन चौकटी होत्या. काढणारा, 'गु'. तपासणाऱ्याच्या चौकटीत पेन्सिलने पुसट नाव लिहिलं होतं, सहीला जागा सोडून. स्वानंदी.

एक काम आहे तुझ्याकडे.

वसुधाने डोळ्याला पदर लावला. जगन्नाथकाकांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं. "कर सही. चारशे तेरा पूर्ण होऊ दे."

स्वानंदीने पेन घेतलं. टोक चौकटीवर आणलं. मग पेन बंद करून खाली ठेवलं.

"नाही करता येणार," ती म्हणाली. "उत्तर चुकलंय."

"काय चुकलंय?" आईने विचारलं. "अगं, मी स्वतः ओवा गरम करून दिला होता."

गाडीतली ती दुपार स्वानंदीला स्पष्ट दिसत होती. कॅसेट वाजत होती. स्टिअरिंगवर बाबांची बोटं ताल धरत होती. नऊ वर्षांची ती शेजारी बसून शाळेतली काहीतरी गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होती, आणि ते गाण्यातच रमून मान मागे टाकून हसत होते. तेच हसू. तिने घरात कधी न ऐकलेलं.

ती रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"बाबा, माझा कान दुखत नव्हता. मला तुमच्या गाण्यांचा हेवा वाटत होता."