झेंडा अर्ध्यावर!

"आठ! फक्त आठ मोठी माणसं हवीत! अख्ख्या किलफार्नमध्ये आठ मोठी माणसं मिळू नयेत?" सोरखाने हातातला प्लास्टिकचा शंकू गवतावर आपटला.

"माणसं पुष्कळ आहेत," तिच्या संघातला टाइग भिंतीवरून ओरडला, "त्यातली मोठी किती, तेवढंच माहीत नाही!"

सोरखाची धाकटी बहीण दर्वला खी खी करून हसली. सोरखा हसली नाही. साडेदहा वाजून गेले होते.

एक्केचाळीस दिवसांनी आज पहिल्यांदा कोरडं उजाडलं होतं. त्या एक्केचाळीस दिवसांत असा पाऊस पडला, की नोलनांच्या गाईंच्या पाठीवर शेवाळ उगवलं आणि पोस्टमनच्या टोपीत बेडकाने पिल्लं घातली. खोटं वाटत असेल तर बेडकाला विचारा! पण किलफार्नच्या मैदानावर आज अकरा मुलंमुली हातात हर्लीच्या वाकड्या काठ्या घेऊन सकाळी नऊपासून उभी होती, ती हवा चांगली आहे म्हणून नाही. त्यांचा जीव टांगणीला लागला होता म्हणून.

गोष्ट अशी होती. गावच्या बारा वर्षांखालच्या हर्लिंगच्या, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या, संघाला मॅलाकी मास्तरांनी चाळीस वर्षं शिकवलं. फेब्रुवारीत बर्फावरून घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं. मग जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं: शिकलेला प्रशिक्षक नाही, तर संघ नाही. मुलांनी शेजारच्या बॅलीस्कानच्या संघात जावं.

"बॅलीस्कानमध्ये त्यांचीच त्रेचाळीस मुलं आहेत," सोरखा घरी रडकुंडीला येऊन म्हणाली होती. "आम्हाला काय देतील ते? बाकावर बसून संत्री सोलायला!"

नवशिक्या प्रशिक्षकांचा एक दिवसाचा वर्ग दोनदा ठरला आणि दोन्ही वेळा किमान आठ माणसं भरली नाहीत म्हणून मोडला. आजची तिसरी वेळ. शेवटची. चर्चच्या दारात ठेवलेल्या कागदावर एकोणीस जणांनी नावं लिहिली होती. नव्या प्रशिक्षकांना हात साफ करायला खरीखुरी पोरं लागतात, म्हणून अख्खा संघ हजर होता. झेंडाबिंडा लावायचं काम मैदानाची देखभाल करणाऱ्या बॅटीकाकांकडे होतं. सगळी तयारी चोख होती.

फक्त शिकणारं एकही माणूस आलं नव्हतं!

"कॉन्सिडाइनबाई, अजून थोडं थांबाल ना?" सोरखाने विचारलं.

जिल्ह्याहून शिकवायला आलेल्या कॉन्सिडाइनबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. "बाराला मी वही मिटणार, बाळ. त्यानंतर सुरू केलं तर वर्ग पुरा होत नाही. आणि अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती मी मुलं देत नाही."

"आणि मग?"

"मग सोमवारी तुमची नावं बॅलीस्कानला."

इतक्यात टाइग किंचाळला, "आली! गाडी आली! नोलनकाका!"

सगळे भिंतीकडे धावले. दूर वळणावर नोलनकाकांची हिरवी गाडी दिसत होती. ती हळू झाली. थांबली. नोलनकाकांनी टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि गाडी वळवून निघून गेले!

"हे काय?"

"काहीतरी विसरले असतील," दर्वला म्हणाली.

पाच मिनिटांनी दुकानवाल्या हॅनराहानबाईंची व्हॅन आली. वळणावर थांबली. आत क्रूसाची खूण. व्हॅन परत!

"आपल्याकडे बघून देवाचं नाव घेतायत," टाइगचा चेहरा उतरला. "आपण इतकं वाईट खेळतो?"

तिसरी गाडी सोरखाने लांबूनच ओळखली. ती त्यांची स्वतःची गाडी होती. धारा काढून झाल्या की येते, असं आईने कबूल केलं होतं.

"आई! आई गं! इकडे!" दोघी बहिणी जिवाच्या आकांताने ओरडल्या. पण अंतर फार होतं. आईने डोळे पुसल्यासारखं केलं आणि तीही वळून गेली.

सोरखाने हर्ली खाली टाकली. "टाइग, सायकल काढ. त्या वळणावर काहीतरी आहे. दर्वला, माझ्या सायकलवर मागे बस!"

वळणावर काहीच नव्हतं. रस्ता, काटेरी कुंपण, आणि कुंपणापलीकडे आभाळ.

"गाडी इथे थांबली," टाइग म्हणाला. "इथून काय दिसतं? मैदान दिसत नाही. भिंतीवरची पोरं मुंग्यांएवढी. ठळक दिसतो तो नुसता..."

तिघांनी एकदम वर पाहिलं.

"झेंड्याचा खांब!"

निळा-पांढरा झेंडा खांबाच्या अर्ध्यावर लोंबत होता. सकाळी मुलं मागच्या वाटेने आली होती आणि मैदानातून तो कपडे बदलायच्या खोलीच्या छपराआड जात होता, म्हणून सकाळपासून कोणाच्या नजरेला पडला नव्हता.

दर्वलाने घाबरून टाइगचा शर्ट धरला. "कोण मेलं?"

झेंडा अर्ध्यावर म्हणजे क्लबचं कोणीतरी गेलं. मग त्या दिवशी मैदानावर चेंडू हलत नाही. घरी जायचं, काळा कोट चढवायचा, सँडविचं करायची आणि चर्च गाठायचं.

"पण झेंडा खाली कोणी घेतला? चला, बघू!" सोरखा म्हणाली.

खांबाजवळ जाताच टाइगने कपाळावर हात मारला. दोरीचं टोक गवताचे भारे बांधायच्या नारिंगी सुतळीने बांधलं होतं, आणि वर, अर्ध्या उंचीवर, जुन्या दिव्याच्या लोखंडी आकड्यात दोरीची गाठ अडकली होती.

"ही सुतळी बॅटीकाकांची! झेंडा कोणी खाली घेतलाच नाही. काल चढवताना अडकला, आणि ते 'उद्या बघू' म्हणून घरी गेले!"

यात शंकाच नव्हती. मैदानाचं फाटक बॅटीकाकांनी तीन वर्षांपूर्वी अर्धं रंगवून 'उद्या बघू' म्हटलं होतं. ते अजून अर्धंच होतं.

टाइग दोरीला लोंबकळला. सोरखा टाइगला लोंबकळली. दर्वला सोरखाला. गाठ हलली नाही.

"अकरा पंचवीस!" सोरखाचा आवाज फाटला. "सोडा ती दोरी. चर्चला चला!"

दोन मैल. मध्ये टाइगच्या सायकलची साखळी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा त्याने सायकल कुंपणात फेकली आणि तो धावत सुटला.

चर्चच्या फाटकाशी चौतीस माणसं काळ्या कपड्यांत उभी होती. हॅनराहानबाईंच्या व्हॅनच्या टपावर सँडविचांचा असा मनोरा रचला होता, की वरच्या थरावर कावळ्याने घरटं बांधायला घेतलं होतं. चर्चचे फादर लॉख डर्ग सरोवरातल्या बेटावर उपासाच्या यात्रेला गेले होते, त्यामुळे विचारायचं कोणाला, हा प्रश्नच होता. जो तो जरा रडवेला दिसेल त्याचा हात धरून "फार वाईट झालं हो" म्हणत होता. काळा टाय लावलेले बॅटीकाका सगळ्यांत पुढे होते!

"बॅटीकाका," सोरखा धापा टाकत म्हणाली, "कोण गेलं?"

"शू! लाज नाही वाटत? अख्ख्या गावाला ठाऊक आहे!"

"हो, पण कोण?"

"ते आपले... हे... बिचारे. तू नोलनला विचार."

"नोलनकाका, कोण गेलं?"

"अगं, असं विचारतात का? हॅनराहानबाई सांगतील."

हॅनराहानबाईंनी डोळ्याला रुमाल लावून सोरखाच्या आईकडे बोट केलं. आईने ओठ घट्ट मिटले आणि हळूच बॅटीकाकांकडे पाहिलं.

सोरखाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोणालाच माहीत नव्हतं! किलफार्नमध्ये एक वेळ दुसऱ्याची गाय चोरली तरी चालेल, पण गावात कोण वारलं हे माहीत नसणं? तोंड दाखवायला जागा उरत नाही.

"सांगून टाक ना," धावत आलेला टाइग कुजबुजला, "की झेंडा नुसता अडकलाय."

"वेडा आहेस? एक्केचाळीस दिवसांनी ऊन पडलंय. 'कोणी मेलं नाही' म्हटलं की सगळे गवत कापायला पळतील!"

चर्चच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. सोरखा फाटकाच्या भिंतीवर चढली.

"ऐका! जाणारा इथे नाही, मैदानावर आहे! बारा वाजता सगळं संपणार. निरोप द्यायचा असेल त्यांनी माझ्या मागून या!"

चौतीस माणसांनी टोप्या काढल्या. सँडविचं गाड्यांत गेली. पुढे सायकलवर सोरखा, मागे गाड्यांची रांग. टाइग आणि दर्वला आईच्या गाडीत चढले.

पण प्रेतयात्रा चालते ती पावलापावलाने! सोरखाने मागे पाहिलं. गाड्या गोगलगाईसारख्या सरकत होत्या. या चालीने पोचायला दुपारचे दोन वाजले असते.

मग तिच्या लक्षात आलं, की प्रेतयात्रेतून कोणी फुटत नाही आणि पुढच्याला सोडून कोणी मागे राहत नाही. तिने दात ओठ खाऊन पायडल मारलं. मागची गाडी जरा जोरात आली. तिने आणखी जोर लावला. आणखी! छाती फुटेल असं वाटत होतं, डोळ्यांत घाम उतरत होता. उतारावर तर सायकलच्या चाकांतून ठिणग्या उडाल्या. किलफार्नमध्ये इतकी वेगवान प्रेतयात्रा कोणी पाहिली नव्हती. रस्त्याकडेच्या मेंढ्यांची लोकर वाऱ्याने उलटी झाली, आणि ती पुढे वर्षभर तशीच वाढली!

मैदानावर कॉन्सिडाइनबाई गाडीत शंकू भरत होत्या.

"बाई! थांबा!" सोरखा सायकलसकट गवतावर कोसळली. "किती... वाजले?"

"बाराला सहा मिनिटं."

काळ्या कोटांतली माणसं गाड्यांतून उतरली आणि शांतपणे गोल करून उभी राहिली. बॅटीकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कुठे आहेत बिचारे?"

सोरखाने रांगेत उभ्या असलेल्या आपल्या संघाकडे हात केला.

"हे बघा. किलफार्नचा बारा वर्षांखालचा संघ. अजून सहा मिनिटं जिवंत आहे. तुम्ही नावं लिहिलीत आणि आला नाहीत. झेंडा कोणी खाली घेतला नाही, तो नुसता अडकलाय. पण बारा वाजले की अर्ध्यावरच शोभेल."

चौतीस डोकी झेंड्याकडे वळली. मग सुतळीकडे. मग सावकाश बॅटीकाकांकडे.

"मी... उद्या बघणार होतो," बॅटीकाका पुटपुटले. "सकाळी रस्त्यावरून झेंडा पाहिला, तर मलाच रडू आलं."

"म्हणजे कोणी मेलं नाही?" नोलनकाका म्हणाले. "अरे, मग माझं गवत!"

"आणि माझं!"

चार-पाच जण गाड्यांकडे वळलेसुद्धा. सोरखाने डोळे मिटून घेतले. संपलं!

"खबरदार!"

फाटकातून काठी टेकत मॅलाकी मास्तर येत होते. गळ्यात मयताला वाहतात तसलं फुलांचं मोठं चक्र होतं. हॅनराहानबाईंनी किंकाळी फोडली.

"सकाळी हे माझ्या दाराला अडकवलेलं मिळालं!" मास्तर गरजले. "गावात सगळ्यांत म्हातारा मी, म्हणजे मेलेला मीच असणार! कोण तो शहाणा, ते मी विचारत नाही, हॅनराहानबाई. पण नीट ऐका. आज जो इथून परत फिरेल, त्याच्या मयताला मी येणार नाही!"

किलफार्नमध्ये यापेक्षा भयंकर धमकी नाही. कोट भराभर उतरले. पहिलं नाव सोरखाच्या आईने लिहिलं, आठवं लिहिलं तेव्हा बाराला एक मिनिट होतं, आणि चौतिसावं बॅटीकाकांचं, तेही मास्तरांच्या काठीच्या टोकावर.

मग काय धमाल! काळ्या बुटांनी चिखल तुडवत नोलनकाका मुलांना चेंडू उचलायला शिकवू लागले.

"ओरडू नका, दाखवा!" कॉन्सिडाइनबाई त्यांच्यावर ओरडल्या. "एका वेळी एकच गोष्ट सांगा! आणि चुकलं तर आधी काय बरोबर केलं ते सांगा!"

"बॅटीकाकांनी काय बरोबर केलं?" टाइगने विचारलं.

"गाठ पक्की मारली!"

चार वाजता मास्तरांनी सगळ्यांना खांबाजवळ बोलावलं. "झेंडा वर गेल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. तो आकडा दिसतो? चेंडूने उडवायचा."

नोलनकाकांचा चेंडू व्हॅनच्या काचेवर गेला. बॅटीकाकांचा कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. सोरखाचा एका बोटाने हुकला. मग दर्वला पुढे आली. तिच्यामागे आई वाकून उभी राहिली. हर्ली कशी धरतात हे आईला कालपर्यंत ठाऊक नव्हतं.

"गुडघे वाकव," आई हळूच म्हणाली. "बस्स. आता फक्त चेंडूकडे बघ."

ठक्क!

आकडा थरारला, गाठ निसटली, टाइगने दोरी ओढली आणि झेंडा सरसरत टोकाला गेला. इतक्या आरडाओरड्याने बॅलीस्कानच्या कोंबड्यांनी म्हणे दोन दिवस अंडी दिली नाहीत.

कॉन्सिडाइनबाईंनी वही मिटली. "एकोणीस वर्षं शिकवतेय. आठ माणसं जमवताना गावोगाव नाकी नऊ येतात. या तीन पोरांनी चौतीस आणली!"

सोरखाच्या आईने तिला जवळ घेतलं. "कागदावर नाव लिहिलं होतं मी. आधी तुझ्याकडे यायला हवं होतं, मग कोटाकडे."

मॅलाकी मास्तर बाकावर बसून आपल्याच मयताचं सँडविच खात होते. त्यांनी गळ्यातलं चक्र काढून सोरखाच्या हातात दिलं.

"शाबास, पोरी. माझी वेळ येईल ना, तेव्हाही सायकलवर पुढे तूच राहा." त्यांनी डोळा मिचकावला. "फक्त जरा हळू चालव."